आठ नंबरचा सदरा

रदेयफमध्ये पोरांच्या फुटबॉलला पंच म्हणून उभं राहायला कुणी धजत नाही. गाव फॉस्फेटच्या खाणीवर जगतं, चार भावक्या एकमेकींच्या ताटाकडे डोळे लावून बसलेल्या, आणि कुणाच्याही पोराविरुद्ध शिट्टी वाजली की ती थेट त्याच्या आज्याच्या कानात वाजते. एका पंचाची मोटरसायकल विहिरीत सापडली. दुसऱ्याने लग्नाचं निमित्त करून गाव सोडलं. लग्न काही झालं नाही आणि तोही काही परतला नाही.

एकटा लझहर एकोणीस वर्षं टिकला. गाव त्याला मानाने 'सी लझहर' म्हणायचं. खाणीच्या कारखान्यात माल वाहणारे पट्टे दुरुस्त करणारा, त्रेपन्न वर्षांचा, इथलं पाणी पिऊन सगळ्यांसारखेच तपकिरी झालेले दात. चालायचा असा ताठ, की बायका म्हणायच्या, याच्या पाठीत आईने लाटणं घालून जन्माला घातलंय.

टिकला तो स्वतः काढलेल्या एका नियमावर. पोरांची नावं विचारायची नाहीत, तोंडं बघायची नाहीत, पाठीवरचा नंबर तेवढा बघायचा. सामन्याआधी परवान्यावरचा फोटो आणि पोरगं ताडून पाहायचं काम त्याने लाइनमनवर टाकलेलं. लाइनमन नावं पुकारत असताना हा पाठ करून उभा राहायचा आणि गोलच्या जाळीच्या गाठी तपासायचा. "नाव कळलं की मामा कळतो," म्हणायचा, "आणि मामा कळला की माझा हात जड होतो." लोकांनी यावरून त्याची भरपूर टर उडवली, पण पक्षपात केला असं कुणाला म्हणता आलं नाही. याची त्याला घमेंड होती. बायकोला दिवस गेले तेव्हा झाली नसेल एवढी.

बाकी पोरांना हाताळावं तर त्यानेच. चौदा-पंधराची पोरं, आवाज फुटलेला, अंगात वारं शिरलेलं. एखादा शिव्या द्यायला लागला तर लझहर त्याच्याकडे चालत जायचा. धावत आलेल्या माणसाशी पोरं भांडतात. हातभर अंतरावर थांबायचा, आवाज खाली आणायचा. "सहा नंबर, श्वास घे. हं, आता परत सांग, काय म्हणालास?" परत सांगायची कुणाची छाती व्हायची नाही. पुन्हा तेच झालं तर संघनायकाला बोलावून त्याच्या देखत सांगायचा. मग कार्ड, आणि तेही पोराच्या नाकासमोर न नाचवता. दोरीबाहेरच्या बापांवर मात्र तो दया करत नसे. एकदा खेळ थांबवून एका बापाला त्याने घरी जायला सांगितलं आणि तो जाईपर्यंत चेंडूवर बसून राहिला.

त्या रविवारी वारा होता. मैदानात गवताचं पान नाही. आखलेल्या रेषांचा चुना उठून पोरांच्या डोळ्यातोंडात जात होता. खाणीचा संघ घरच्या मैदानावर, समोर तोझरकडच्या खजूरबागांतली पोरं. गोल कुणाचाच नाही. दहा मिनिटं राहिली असताना खाणीच्या संघाचे तिजानी मास्तर दमलेल्या आठ नंबरला बाहेर घेऊन चौदा नंबरला आत पाठवायला निघाले. चौदाच्या सदऱ्यावरचा आकडा धुण्यात गळून पडलेला. मास्तरांनी आठच्या अंगातला सदरा काढून चौदाला चढवला आणि ओरडून विचारलं, "सी लझहर, हा चालेल ना?" समोरच्या मास्तरानेही मान डोलावली. असं शंभरदा व्हायचं. तेरा सदऱ्यांत अठरा पोरं खेळवायची तर दुसरं करणार काय? लझहरने हात हलवून होकार दिला आणि खिशातल्या कागदावर पेन्सिलीने खरडलं: आठ बाहेर, चौदा आत.

पाच मिनिटांनी त्याने पाहुण्यांना पेनल्टी दिली. बरोबरच दिली. घरच्या पोरांचा घोळका अंगावर आला. हात पसरून तो त्यांना मागे सारत होता, तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी कानाखाली बुक्की घातली. तो गुडघ्यांवर आला. डोळ्यांत चुना गेलेला. मान वळवली तेव्हा दिसली एक पळती पाठ आणि तिच्यावरचा आठ. त्याने लाल कार्ड काढून त्या पाठीला दाखवलं. पाठ मैदानाच्या भिंतीतल्या भगदाडातून बाहेर पडली ती परत आली नाही.

कपडे बदलायच्या खोलीत, कान घणघणत असताना, त्याने अहवाल लिहिला. आठ नंबरने पंचावर हात उचलला. अहवालात नंबरापुढे नाव लागतं. सामन्याच्या कागदावर आठच्या पुढे जे नाव होतं ते त्याने अक्षरावर बोट ठेवून उतरवून घेतलं, वाणी पुडीला दोरा बांधतो तसं, आत काय आहे याचं सोयरसुतक नसल्यासारखं. पेन्सिलीची ओळ खिशातच राहिली. दोन्ही मास्तरांनी सह्या केल्या. बाहेर लोक दारावर लाथा घालत होते. वाचत बसायला उसंत कुणाला होती?

बुधवारी जिल्ह्याच्या गावी, गफ्साला, लीगची समिती बसली. पंचावर हात म्हणजे दोन वर्षं, त्यात चर्चा होत नाही. गुरुवारी सकाळी क्लबच्या दारावर कागद चिकटला. वजदी, आठ नंबर, दोन वर्षं बंदी.

दुपारी वजदीची आई लझहरच्या दारात आली. मबरूका तिचं नाव. शाळेत फरशी पुसायची. नवरा खाणीच्या धुळीने छाती धरून घरी बसलेला. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"सी लझहर, तेव्हा माझा पोरगा बाकावर बसला होता. माझ्या जाकिटात गुंडाळून. दमला म्हणून मास्तरांनी काढला होता त्याला."

"बाई, ज्याला शिक्षा होते तो दर वेळी बाकावरच बसलेला असतो. त्याच्या आईला विचारलं तर."

"मंगळवारी गफ्साला खेळाच्या शाळेची निवड आहे. याला बोलावलंय. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांच्याकडे. सातशे पोरांतून चाळीस बोलावलीत हो. तुम्ही कुणाला एकदा विचारून तर बघा."

"नंबर खोटं बोलत नाही."

"नंबर बोलतच नाही, सी लझहर. बोलता तुम्ही."

"हात उचलायच्या आधी मंगळवार आठवायला हवा होता," तो म्हणाला आणि त्याने दार लावलं.

तिने 'मास्तरांनी काढला' म्हटलं तेव्हा त्याच्या मनात काहीतरी हललं होतं, पण दाराच्या आवाजात ते गेलं. उलट बरंच वाटलं त्याला. आपण किती कठोर आहोत या विचाराने पुरुषाचं जेवढं पोट भरतं तेवढं जेवणानेही भरत नाही.

शुक्रवारी दुपारी त्याची थोरली बहीण सालहा ताट घेऊन आली. ताटात खजुराचं सारण भरलेले मकरूद, मधात बुडवलेले, अजून गरम. सालहा अशी उगाच कुणाला काही करून घालणारी बाई नव्हे. लझहरने एक उचलून चावला आणि विचारलं, "आज काय विशेष?"

"खा मुकाट्याने. साबेरसाठी केले होते, पण पहिला हक्क तुझा."

साबेर हा तिच्या लेकीचा लेक. आईबापाचं फाटलं म्हणून तीन महिन्यांपूर्वी सफाक्सहून आजीकडे आलेला. लझहरने त्याला शेवटचं पाहिलं होतं ते त्याच्या सुंतेच्या दिवशी, तेही रडत होता म्हणून लक्षात राहिलेलं.

"साबेरने काय दिवे लावले?"

सालहाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "माझ्यापुढे कशाला नाटकं करतोस? पोर चुकलं. घरी आल्यावर मी त्याला चपलेने बडवलं. पण तू कागदावर दुसऱ्याचं नाव घातलंस, हे मी विसरायची नाही. एकोणीस वर्षं तुला दगड म्हणत आले. आज ते शब्द मागे घेते."

लझहर उठला, खुंटीवरच्या पंचाच्या सदऱ्याचा खिसा चाचपला आणि कागद बाहेर काढला. आठ बाहेर, चौदा आत. अक्षर त्याचंच.

"ताई, मला माहीत नव्हतं."

"बरं, नव्हतं."

"अगं, खरंच माहीत नव्हतं मला."

"तेच म्हणते मी. असंच म्हणत राहा. चांगलं म्हणतोस, कुणालाही खरं वाटेल."

त्याने कागदाची घडी घालून तो परत खिशात ठेवला. मग म्हणाला, "उद्या गफ्साला जातो. पत्र लिहून देतो. साबेरचं नाव घालून."

सालहा आधी हसली. मग तिला कळलं की हा खरंच जाणार आहे.

"मबरूका तुझी कोण लागते?"

"कुणी नाही."

"मग?"

"पोराची मंगळवारी निवड आहे."

"आणि माझ्या पोराला आईबापाने टाकलंय. खेळतोय म्हणून तरी घरात टिकतोय. दोन वर्षं गल्लीत बसला तर कुणाच्या नादाला लागेल ते तू बघणार आहेस? की त्याचाही नंबरच बघणार?"

सालहाने ताट उचललं. त्याच्या हातातला अर्धा चावलेला मकरूदसुद्धा काढून तिने ताटात ठेवला.

"माझ्या मयताला येऊ नकोस," ती म्हणाली आणि गेली.

तो तसाच तिजानी मास्तरांना गाठायला कॅफेत गेला. मास्तर कोपऱ्यात काळाकुट्ट उकळलेला चहा घेऊन बसलेले.

"तुला माहीत होतं, तिजानी?"

"आठ बाहेर मीच काढला होता ना."

"मग सही कशी केलीस?"

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. "मला वाटलं, तुम्ही घरचं पोर वाचवताय. म्हटलं, माणसाने इतक्या वर्षांत कधी काही घेतलं नाही, एकदा घेतोय तर घेऊ दे. माझ्या पोरांना पुढेही तुमचीच शिट्टी आहे."

"आणि वजदी?"

"त्याचं वाईट वाटलं. पण मबरूकाच्या पाठीशी कोण आहे? दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं तुम्हाला, की हे नाव नको, दंगल होईल." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "गावात तुम्हाला कुणी वाईट म्हणत नाही हो. उलट म्हणतात, बाबा, शेवटी माणूसच निघाला."

लझहरने खिशातला पेन्सिलीचा कागद काढून मास्तरांपुढे ठेवला.

"जबाब लिहून दे. आठच्या सदऱ्यात चौदा नंबर खेळत होता, एवढंच."

"आणि सामना घालवू? दुसऱ्याच्या नंबरात पोर खेळवलं असं मी लिहून दिलं तर गुण जातात, संघ खालच्या गटात जातो. सतरा पोरांचं वर्ष आहे, सी लझहर. एकासाठी सतरा नाही देता येत मला." मग चहाचा पेला बाजूला सारून, "परवानगी तुम्हीच दिली होती. हात हलवून."

शनिवारी लझहर एकटाच गफ्साला गेला. लीगच्या कचेरीतल्या कारकुनाने पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, परत घातला.

"मास्तराचा जबाब?"

"देत नाही."

"मग चौकशी लागेल. बुधवारी समितीपुढे ठेवतो."

"मंगळवारी त्याची निवड आहे."

"समिती बुधवारीच बसते. तुम्हाला मी सांगायला हवं?" कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "यात तुम्ही स्वतःच लिहिलंय की परक्या नंबरात खेळायला परवानगी दिली, आणि न बघता नाव घातलं. हे पत्र मी शिक्का मारून घेतलं की चौकशी संपेपर्यंत तुम्हाला सामना मिळणार नाही. कदाचित पुढेही नाही. अजून शिक्का मारलेला नाही. घरी घेऊन जायचं तर न्या."

"मारा," लझहर म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी तो मबरूकाच्या घरी गेला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती भांडी घासत होती. घासायची थांबली नाही. आतून तिच्या नवऱ्याचा खोकला येत होता.

"उद्या मी त्याला घेऊन जातो," लझहर म्हणाला. "निवड करणाऱ्यांशी समोरासमोर बोलतो. अहवाल मी लिहिलाय, तर माझं ऐकतील."

"गुरुवारी ऐकायचं होतं ते तुम्ही ऐकलं नाहीत. आता ते ऐकतील म्हणता." तिने हात धुतले. "वजदी, बाहेर ये. सी लझहरना तुझं तोंड बघायचंय."

पोरगं दारात आलं. बारीक, कान मोठे, डाव्या भुवईवर जुनी खोक. चार हंगाम लझहरने त्याच्या सामन्यात शिट्टी वाजवली होती आणि हा चेहरा रस्त्यात दिसता तर तो ओळखू शकला नसता.

मंगळवारी सकाळी आठ जणांच्या भाड्याच्या गाडीतून दोघं गफ्साला गेले. दीड तासाच्या वाटेत पोरगं तीनच वाक्यं बोललं, त्यांतली दोन गाडीवाल्याशी. आईने दिलेली भाकरी आणि हरीसाची तिखट चटणी त्याने उघडलीही नाही.

खेळाच्या शाळेचं मैदान हिरवंगार होतं, खोटं गवत असलं तरी हिरवं. वजदीने बूट चढवले, वाकून गवतावर हात फिरवला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. यादी घेऊन उभा असलेला माणूस तिशीचा असेल. नाव विचारलं, यादीत बघितलं, मग दुसऱ्या कागदात.

"बाळ, तुझ्यावर बंदी आहे."

लझहर पुढे झाला. "ती चुकीची आहे. अहवाल मी लिहिला. मी पंच आहे. ज्याने मारलं तो हा नाही. शनिवारी मी लीगला पत्र दिलंय, हा बघा शिक्का."

त्या माणसाने पत्राची प्रत नीट वाचली. "निकाल?"

"उद्या लागेल."

"निवड आज आहे, काका. बंदीतल्या पोराचा विमा नसतो. इथं त्याचा पाय मोडला तर मी काय उत्तर देऊ?"

"एक तास खेळू द्या. नाव उद्या लिहा. चांगला खेळला तर लिहा, नाहीतर नका लिहू."

तो माणूस काही क्षण विचारात पडला. खरंच पडला, लझहरने ते पाहिलं. मग त्याने विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं पंच आहात. सामन्याआधी तुमच्यासमोर बंदीतलं पोर आलं असतं आणि बरोबरचा माणूस म्हणाला असता, मी सांगतो ना, सोडा याला आत. सोडलं असतं तुम्ही?"

वजदी लझहरच्या तोंडाकडे बघत होता. रांगेतली पोरंही बघत होती.

हो म्हणायचं. एक शब्द. त्याची जीभ झडली नसती, आभाळ कोसळलं नसतं, आणि एका गरीब बाईचं पोर त्या गवतावर तासभर धावलं असतं. पण जन्मभर ताठ चाललेल्या माणसाला वाकायचं कुठून हेच ठाऊक नसतं.

"नाही," लझहर म्हणाला.

"मग मला कसं सांगता?" तो माणूस हळू आवाजात म्हणाला आणि त्याने पुढच्या पोराचं नाव पुकारलं.

वजदीने खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. घाई केली नाही. बूट काढले, एकमेकांना बांधून गळ्यात टाकले आणि तारेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिला. लझहरला वाटलं, आता चल म्हणेल. तो चल म्हणाला नाही. दोन तास तारेत बोटं अडकवून त्याने एकोणचाळीस पोरांचा खेळ पाहिला. मधे एकाने चेंडू फुकट घालवला तेव्हा त्याचा उजवा पाय जागच्या जागी हलला.

परतीच्या गाडीत लझहरने दोनदा बोलायचा प्रयत्न केला. "पुढच्या वर्षी परत निवड असते," तो म्हणाला.

"पंधराच्या आतल्यांची असते," वजदी म्हणाला. "मी एप्रिलमध्ये पंधराचा होतोय."

गाव दोन किलोमीटरवर राहिलं तेव्हा, फॉस्फेटचे ट्रक वळतात त्या फाट्यावर, पोराने गाडीवाल्याला हात केला. "इथं उतरतो."

"अरे, गाव पुढे आहे," लझहर म्हणाला.

"माहितीय. तुमच्याबरोबर उतरताना कुणी बघितलं तर उद्या शाळेत म्हणतील, पंचाशी यांचंही काहीतरी ठरलं."

तो उतरला. गाडीवाल्याने हात लांब करून दार ओढून घेतलं आणि गाडी पुढे काढली.

गावात उतरल्यावर लझहर बराच वेळ थांब्यावरच उभा राहिला. दोघातिघांनी सलाम केला, पूर्वीपेक्षा जरा सलगीने. पोरगं चालत इथपर्यंत पोचेल तेव्हा आपण इथं दिसता कामा नये, हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो घराकडे निघाला.